तापलेल्या गाडीचा केस पेपर

१९ मार्च, मंगळवार. पाणी साडेसहाला आले, साडेसातला गेले. चष्म्याचा स्क्रू बसवून घेतला. बाजारातून परतताना गाडीला ताप. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. ताप उतरला. गाडी गेली.

ही नोंद सिस्टरांच्या डायरीतली आहे. चौतीस वर्षं पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात काढलेल्या बाईला लांबण लावायची सवय नसते. रात्रपाळीला काय झालं ते दिवसपाळीला चार ओळींत कळलं पाहिजे, हा त्यांचा नियम, आणि निवृत्त झाल्यावरही तो सुटला नाही. नवरा गेला त्या दिवशीचीसुद्धा नोंद चारच ओळींची आहे, आणि त्यातली एक ओळ दुधाविषयी आहे.

नाव काहीही असो, गल्लीत त्यांना सिस्टरच म्हणत. वाणी म्हणे, पोस्टमन म्हणे, आणि लेक चिडली की तीसुद्धा ‘बरं सिस्टर’ म्हणे. अंगाने काटकुळ्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, चालणं असं की समोरच्याने आपोआप बाजूला व्हावं. आवाज मात्र देवाने दोन बायकांचा मिळून एकीला दिलेला.

गाडी नवऱ्याची. तो होता तोवर सिस्टर शेजारच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसत आणि रस्त्यावरच्या सगळ्यांच्या चुका काढत. तो गेल्यावर लेक म्हणाली, गाडी विकून टाकू. सिस्टर म्हणाल्या, थांब जरा. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय एकसष्ट. शिकवणारा तिसऱ्या दिवशी म्हणाला, “बाई, तुम्ही मला ओरडू नका, मी तुम्हाला ओरडायचं असतं.”

शिकण्यामागे हौस नव्हती, कारण होतं. सिस्टरांची धाकटी बहीण डोंगरापलीकडे राहते. तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि नीट जुळलंच नाही. घरात सून आहे, मदतीला बाई आहे, पण आंघोळ घालायला ती कोणाला जवळ येऊ देत नाही. “मला फक्त ताईच घालेल,” असं म्हणून तोंड भिंतीकडे करते. म्हणून दर बुधवारी सिस्टर जातात, तिला न्हाऊ घालतात, वेणी घालतात, दोघी मिळून सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात आणि संध्याकाळी परत येतात. बसने जायचं तर दोन बदलाव्या लागतात आणि शेवटचा चढ पायी. सिस्टरांच्या गुडघ्यांनी त्या चढाला केव्हाच नकार कळवलेला. गाडी गेली की बुधवार गेला, इतका साधा हिशोब होता.

तर त्या मंगळवारी काय झालं ते नीट सांगितलं पाहिजे. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, बोनेटच्या फटीतून वाफ निघाली. सिस्टरांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. इथवर सगळं बरोबर. पण मग त्यांच्यातली नर्स जागी झाली. ताप चढला की काय करायचं हे ज्या हातांना चौतीस वर्षं ठाऊक, ते हात गप्प कसे बसणार? समोरच्या दुकानातून फ्रिजमधल्या पाण्याच्या तीन बाटल्या आणल्या, डिकीतला टॉवेल भिजवला आणि तापलेल्या इंजिनावर घडी घालून ठेवला. चर्र झालं. सिस्टरांना वाटलं, उतरतोय. म्हणून उरलेल्या दोन बाटल्या त्यांनी सावकाश, धार धरून, वरून ओतल्या. आतून ‘टण्ण’ असा एक आवाज आला. घंटेसारखा. त्यानंतर गाडी तीन आठवडे बोलली नाही.

“सिस्टर,” मेकॅनिक म्हणाला, “हे तुम्ही काय केलंत?”

“स्पंजिंग.”

मेकॅनिकने डोळे मिटून घेतले. पन्नाशीचा, गोल पोटाचा, शांत माणूस. सिस्टर त्याला डॉक्टर म्हणत, कारण गॅरेजला त्या ओपीडी म्हणत. तो आत गेला, काचेच्या ग्लासात उकळता चहा घेऊन आला, आणि तो चहा ओतून देऊन रिकामा ग्लास तसाच गरमागरम नळाखाली धरला. ग्लास तडकला.

“हे तुमच्या इंजिनाचं डोकं,” तो म्हणाला.

“ग्लास फुकट घालवलास,” सिस्टर म्हणाल्या. पण त्यांना समजलं होतं. समजलं की त्या वाद घालत नाहीत, पर्समधून वही काढतात.

“सांग. काटा वर गेला. पुढे?”

“आधी एसी बंद. मग हीटर चालू, पूर्ण.”

“हीटर? उन्हाळ्यात?”

“इंजिनातली गरमी ओढून तो आत फेकतो. तुम्हाला घाम येईल, त्याला जरा बरं वाटेल. तोवर सपाट, मोकळी जागा बघून थांबायचं. इंजिन बंद, हँडब्रेक, चारी दिवे लुकलुकते ठेवायचे, मागे त्रिकोण उभा करायचा. वाफ दिसते तोवर बोनेटला हात नाही.”

“मग रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं?”

“थंड झाल्यावर.”

“किती मिनिटांनी?”

“अहो, गाडीला घड्याळ कुठे कळतं?”

“मला कळतं. आकडा दे.”

मेकॅनिकने शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, गुलाबी, आवळलेली. सिस्टरांनी चष्मा सरकवून पाहिलं. असल्या जखमा त्यांनी शेकड्याने धुतल्या होत्या.

“एकविसाव्या वर्षी,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक घाई करत होतं. दहा मिनिटांत झाकण फिरवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटलं की कारंजं. तेव्हापासून माझा आकडा पाऊण तास. आणि पाऊण तासानंतरसुद्धा आधी फडक्याने वरची जाड नळी दाबून बघायची. टणक लागली तर अजून दाब आहे, परत बसा. मऊ लागली तर झाकणावर जाड फडकं, तोंड लांब, आणि जरासं फिरवून थांबायचं. फुस्स आवाज पूर्ण संपला की मगच काढायचं.”

सिस्टरांनी सगळं उतरवून घेतलं. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी घोटून घेतलेलं अक्षर, त्यामुळे ‘फुस्स’सुद्धा सुवाच्य आलं.

त्या आठवड्यात लेक आली. लेक मोठ्या कारखान्यांतून सुरक्षेची तपासणी करणारी अधिकारी. आग विझवायच्या नळकांड्यांवरची तारीख ती लांबून वाचते, शिडी कलती दिसली तर लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा थांबून सरळ करवते. तिने तडकलेल्या इंजिनाची हकीकत ऐकली आणि खुर्चीत सरळ बसली.

“आई, गाडी विकायची.”

“एकदा चुकले. पुन्हा नाही चुकणार.”

“रस्त्यात एकटी अडकलीस तर?”

“रस्त्यात माणसं असतात.”

“तीच तर भीती आहे.”

तास दीड तास घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: गाडी राहील, पण यापुढे एकदा जरी ती दुसऱ्याच्या गाडीमागे बांधून घरी आली, तर त्यानंतरच्या रविवारी लेक येणार, किल्ली घेणार आणि गाडी विकणार. साक्षीदार म्हणून भाऊजींना नेमलं.

भाऊजी म्हणजे सिस्टरांचे धाकटे दीर. बस डेपोत टाइमकीपर होते. पलीकडच्या गल्लीत एकटेच राहतात, मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवतात आणि जगाला उशीर झाला म्हणून हळहळतात. बुधवारी सिस्टरांबरोबर जायचं काम त्यांनी आनंदाने पत्करलं, कारण धाकटीच्या सुनेचा स्वयंपाक त्यांना मनापासून आवडतो. हे त्यांनी दोघी बहिणींना कधी सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून सिस्टरांनी गाडीचा केस पेपर सुरू केला. पुठ्ठ्यावर क्लिप, क्लिपला रेघा आखलेले कागद, आणि ते सगळं सुतळीने डॅशबोर्डला टांगलेलं. सकाळी गाडी गार असताना राउंड. बाजूच्या पारदर्शक बाटलीतलं कूलंट खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आहे का. कमी असेल तर त्याच रंगाचं, त्याच जातीचं घालायचं. हिरव्यात लाल मिसळायचं नाही. रक्तगट जुळल्याशिवाय रक्त चढवत नाहीत, हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती. नळाचं पाणी नाही, त्याने आत क्षार धरतात. जमिनीवर सांडलं तर लगेच पुसायचं, कारण ते गोडसर लागतं आणि मांजरं चाटून मरतात. मग टायर. हवेचा आकडा टायरवर लिहिलेला असतो तो नव्हे, दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर असतो तो. गाडी पळून आली की टायर तापतात आणि खोटं बोलतात, म्हणून मोजायचं सकाळीच. हवा मोजायची पट्टी पर्समध्ये, थर्मामीटरच्या जुन्या डबीत.

“वहिनी, नाडीसुद्धा बघा एकदा,” भाऊजी कुंपणापलीकडून म्हणत.

“तुमची बघू का? परवा जिन्यावर धापा टाकत होतात.”

भाऊजींचं डोकं कुंपणाखाली जाई.

असं एक वर्ष निघालं. दर बुधवारी धाकटीची आंघोळ चुकली नाही. मेकॅनिक त्याच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना केस पेपर दाखवायला सिस्टरांना अधूनमधून बोलवू लागला, आणि सिस्टरही जात, कारण तिथे लोक गप्प बसून ऐकत.

मग सात मे आला. बुधवार. सकाळच्या राउंडला सगळं ठीक होतं. डोंगराच्या अलीकडे रस्त्याचं काम निघालेलं. एका बाजूने गाड्या सोडत होते, दुसऱ्या बाजूच्या उभ्या. कडक ऊन. मुंगीच्या पावलांनी अर्धा तास चालल्यावर सिस्टरांनी काट्याकडे पाहिलं. नेहमी मध्यावर असणारा काटा मध्याच्या वर एक बोट होता. पाहता पाहता दोन बोटं झाला.

“भाऊजी, वेळ.”

“बारा दहा. म्हणजे माझ्या घड्याळात बारा पंधरा.”

सिस्टरांनी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण उघडला. भट्टीचं दार उघडावं तसा वारा आला.

“अहो वहिनी! हे काय!”

“त्याचा ताप थोडा आपण घ्यायचा.”

“मी घ्यायचा? माझा काय संबंध?”

“गाडी तुमच्या भावाची ना? मग सोसा.”

रांगेतून बाहेर पडून दोनशे पावलांवर सपाट मोकळी जागा मिळाली. इंजिन बंद, हँडब्रेक, दिवे लुकलुकते. सिस्टर उतरल्या, त्रिकोण घेऊन मागे पन्नास पावलं चालत गेल्या, उभा केला, परत आल्या. बोनेटच्या फटीतून बारीक वाफ येत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवून रस्त्यापासून लांब एका झाडाखाली जाऊन बसल्या. हात मांडीवर घट्ट धरून. हातांना पाण्याची बाटली दिसत होती.

“बारा चौदा,” त्यांनी पेपरवर लिहिलं. “पाऊण तास.”

भाऊजी घामाने निथळत होते. “नुसतं बसायचं?”

“नुसतं बसायचं.”

“डेपोत बस बंद पडली की आम्ही निदान शिव्या तरी द्यायचो.”

“द्या. हळू आवाजात.”

विसाव्या मिनिटाला एक भाजीचा टेम्पो शेजारी येऊन थांबला. टेम्पोवाला उतरला, हसतमुख, उपयोगी पडण्याची घाई असलेला. “आजी, गाडी तापली का? अहो, पाणी घातलं की झालं.” बोलता बोलता त्याने बोनेट वर केलं आणि खांद्यावरच्या पंच्याच्या टोकात झाकण धरलं.

“हात मागे!”

आवाज झाडाखालून निघाला आणि रस्त्याच्या कामावरच्या माणसांनीसुद्धा फावडी थांबवली. टेम्पोवाल्याचे दोन्ही हात नकळत पाठीमागे गेले. त्याला शाळेची आठवण झाली असावी.

सिस्टर त्याच्याजवळ गेल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “बाळा, लग्न झालंय का?”

“हो.”

“मग हे तोंड तिला हवंय. इकडे सावलीत ये.”

तो निमूटपणे सावलीत आला. भाऊजींनी त्याला आपल्या डब्यातली दोन बिस्किटं दिली, वेळ सांगितली, मग आणखी एकदा सांगितली. एक वाजता सिस्टर उठल्या. फडक्याने वरची नळी दाबली. मऊ. झाकणावर टॉवेलची घडी, तोंड बाजूला, जरासं फिरवलं, थांबल्या. बारीक फुस्स झालं आणि विरलं. झाकण निघालं. आत पाणी दिसत नव्हतं. बाजूची बाटली रिकामी. खाली वाकून टॉर्च मारला तर खालच्या जाड नळीला, ती आवळणाऱ्या चिमट्याच्या कडेला, नखाएवढी चीर, आणि तिथून हिरवट थेंब.

“एवढंच ना?” टेम्पोवाला उजळला. “माझ्याकडे चिकटपट्टी आहे. जुन्या ट्यूबची पट्टी आवळतो, वरून चिकटपट्टी. पाण्याचा कॅन देतो. दर थोड्या अंतरावर थांबायचं, पाणी घालायचं, निघायचं. घर किती लांब?”

“अठरा किलोमीटर,” भाऊजी म्हणाले, आणि लगेच वहिनींकडे बघितलं.

अठरा किलोमीटर. रस्ता सपाट. दीड दोन तासांत अंगणात. कोणी बांधून आणलं नाही, कोणी ओढून आणलं नाही, अट मोडली नाही, बुधवार शाबूत. सिस्टर चिरीकडे बघत उभ्या राहिल्या. थेंब पडायचा, मग दुसरा जमायचा.

“वहिनी,” भाऊजी हळूच म्हणाले, “मी साक्षीदार आहे खरा. पण माझी नजर हल्ली अधू झालीय. चिकटपट्टी मला दिसणारसुद्धा नाही.”

“आणि काटा?”

“काटा तर मला कधीच दिसला नाही.”

सिस्टर हसल्या. मग त्यांनी झाकण परत बसवलं आणि पर्समधून फोन काढला.

“अर्धा बरा पेशंट घरी सोडला होता मी एकदा,” त्या म्हणाल्या. “बेड हवा होता दुसऱ्याला. टाका पक्का बसलाय असं सगळेच म्हणाले. मीपण म्हणाले. तो आला परत, पण उशिरा आला.” नंबर लावला. “डॉक्टर? सिस्टर बोलतेय. खालची नळी गेली. चालवायची नाही. ओढायला ये.”

भाऊजींनी टेम्पोवाल्याला तिसरं बिस्किट दिलं.

दुसरा फोन धाकटीला. “आज आंघोळ नाही.”

“सुटले बाई,” धाकटी म्हणाली, आणि जरा थांबून, “पुढच्या बुधवारी?”

“बघू.”

“बघू काय? ताई, बघू काय?”

सिस्टरांनी रेंज नाही असं सांगून फोन ठेवला. रेंज भरपूर होती.

मेकॅनिक जीप घेऊन आला, जीपमागे लोखंडी दांडा. दांडा गाडीला जोडताना भाऊजी पुढे झाले. “वहिनी, अटीत काय होतं? दोर! हा तर दांडा आहे.”

“अटीत होतं बांधून.”

“दांडा बांधत नाहीत, जोडतात.”

“भाऊजी, तुम्ही वकील व्हायला हवे होतात. झाला नाहीत म्हणून आमचं घर वाचलं.”

घरी येईपर्यंत सिस्टर आपल्याच गाडीत स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. इंजिन बंद म्हणून ब्रेक दगडासारखा. संध्याकाळी त्यांनीच लेकीला फोन केला. “आज गाडी ओढून आणली. रविवारी ये.” “बरं,” लेक म्हणाली.

मेकॅनिकने शनिवारी नवी नळी घातली, कूलंट भरलं, आत अडकलेली हवा काढली, तासभर इंजिन चालवून काटा बघितला. “ठणठणीत,” म्हणाला. “डिस्चार्ज द्या.” सिस्टरांनी पेपरवर तसं लिहिलं आणि गाडी पुसून ठेवली. विकायच्या वस्तूवर धूळ असू नये.

रविवारी लेक दहा वाजता आपल्या पांढऱ्या गाडीतून आली. चहा झाला. भाऊजी साक्ष द्यायला इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी हीटरचा भाग इतका रंगवून सांगितला की लेकीला हसू आवरेना. मग तिने केस पेपर वाचला. बारा दहा, बारा चौदा, एक वाजता, एक पाच. ‘न चालवण्याचा निर्णय.’ तिने तो दोनदा वाचला. दुपार झाली तरी किल्लीचं नाव काढेना. शेवटी सिस्टरांनीच किल्ली आणून टेबलावर ठेवली.

“आई, अगं…”

“ठरलं ते ठरलं. वॉर्डात एकाला सूट दिली की सगळे कॉटवर बिड्या ओढतात.”

“पण तू बरोबर वागलीस.”

“बरोबर वागले म्हणून ओढून आणायचं थोडंच राहिलं? घे.”

लेकीने किल्ली पर्समध्ये टाकली. दोघींनाही बरं वाटलं नाही. भाऊजी छताकडे बघत होते.

पाचच्या सुमाराला लेक निघाली. सिस्टर सोडायला अंगणात आल्या. पांढऱ्या गाडीच्या मागून जाता जाता त्यांची पावलं थांबली. मुद्दाम नाही; चौतीस वर्षं कॉटच्या पायथ्याशी जशी थांबायची तशी.

“हे काय?”

“काय?”

“मागचं चाक. बसलंय.”

“नाही गं, तसाच दिसतो तो. या टायरचा आकारच तसा आहे.”

सिस्टरांनी डबी आणून हवेची पट्टी काढली, व्हॉल्व्हला लावली. बावीस. दाराच्या चौकटीवर तेहतीस लिहिलेलं. मग त्या गुडघा धरत खाली वाकल्या आणि टायरच्या अंगावरून बोटं फिरवली. एका जागी फुगवटा होता, लिंबाएवढा, कातडीखाली आलेल्या गाठीसारखा. खाचांमधल्या झिजेच्या खुणा वरच्या रबराला टेकलेल्या.

“हवा शेवटची कधी बघितलीस?”

“परवाच सर्व्हिसिंग केलं की.”

“परवा म्हणजे?”

“म्हणजे… गेल्या वर्षी.”

“कूलंट?”

“ते मी स्वतः भरते,” लेक आता जरा तोऱ्यात म्हणाली. बोनेट उघडलं आणि एक निळं झाकण दाखवलं. “हे बघ, काठोकाठ.”

सिस्टरांनी झाकण उघडून वास घेतला. “ही काच धुवायची बाटली आहे. साबणाचं पाणी.” मग बोट दुसऱ्या बाटलीकडे नेलं. त्यात हिरवं पाणी खालच्या खुणेच्याही खाली, तळाशी चिकटून होतं.

भाऊजी कुंपणाला टेकून उभे होते. “सरकारी तपासणी अधिकारी,” ते कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाले.

“काका, तुम्ही घरी जा बरं!”

“घड्याळ बंद पडलंय, किती वाजले कळत नाही.”

“आई, मी हळू जाते. दोनच तासांचा रस्ता आहे.”

“डिस्चार्ज नाही,” सिस्टर म्हणाल्या.

“स्टेपनी लावते मग.”

डिकी उघडली, वरचं सामान काढलं, स्टेपनी बाहेर आली. तिच्यावर पट्टी लावली तर पट्टीने आकडाच सांगितला नाही. लेक त्या स्टेपनीवर बसली. कपाळाला हात लावला, आणि मग ती हसायलाच लागली, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“गेल्याच आठवड्यात मी एका कारखान्याला लिहून दिलं. फिरत्या यंत्रांची देखभाल असमाधानकारक.”

“अक्षर तरी नीट काढलंस का?”

“आई!”

जॅक लावून दोघींनी मागचं चाक काढलं. नट उभ्या गाडीवर आधी सैल करायचे, मग जॅक चढवायचा, हे सिस्टरांनी सांगितलं. भाऊजींनी पुढच्या चाकाला दगड लावला आणि पुढे सगळा वेळ त्या दगडाचा उल्लेख करत राहिले. आता चाक आणि स्टेपनी, दोन्ही गॅरेजपर्यंत न्यायची. लेकीची गाडी तर तीन चाकांवर उभी.

अंगणात दुसरी गाडी होती. पुसलेली, नळी नवी, चारी टायर बत्तीस.

लेकीने पर्स उघडली. किल्ली शोधायला तिला नको तेवढा वेळ लागला. मिळाल्यावर ती आईकडे धरली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

गॅरेज रविवारी बंद, पण मेकॅनिक वरच राहतो. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला साबण, असा तो खिडकीत आला. “सिस्टर? परत ताप?”

“दुसरा पेशंट आहे. माझी मुलगी.”

त्याने फुगवट्यावर अंगठा फिरवला आणि मान हलवली. “हा वेगात असताना फुटला असता. नवा लागेल. उद्या अकराला येतो माल. स्टेपनीत आत्ता हवा भरून ठेवतो, गळते का ते सकाळी बघू. आणि मॅडम, कूलंट गाडी गार असताना घालायचं, बरं का. झाकण…”

“पाऊण तास,” लेक म्हणाली. “नळी दाबून बघायची. मी पेपर वाचलाय.”

परत येताना मागे बसलेल्या भाऊजींना त्यांच्या दाराशी सोडलं. लेक रस्ताभर केस पेपर चाळत होती. वर्षभराच्या तारखा, एकाखाली एक, एकही दिवस न चुकलेला.

“आई, याचा एक कोरा कागद मला आखून दे.”

“तुला येतं की आखायला.”

“तुझ्यासारखा नाही येत.”

घरात शिरल्यावर तिने आईच्या हातातून किल्ली घेतली. सिस्टर पायातले बूट सोडू लागल्या. लेक स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली, तिथल्या खुंटीवर, छत्रीशेजारी, किल्ली अडकवली आणि म्हणाली, “बुधवारी मी सुट्टी काढते. मावशीला मीपण बघते एकदा. तू चालव, मी बसते.”

“माझ्या चुका काढत बसायचं नाही.”

“मग काय करायचं दोन तास?”

“दुसऱ्यांच्या काढ. त्यासाठी ती सीट आहे.”

साडेसातला सिस्टर टेबलाशी बसल्या आणि त्यांनी डायरी उघडली.

११ मे, रविवार. पाणी वेळेवर. लेक मुक्कामी. तिचा मागचा टायर बाद, नवा उद्या अकराला. गाडी चालवली, ये-जा सहा किलोमीटर, काटा मध्यावर. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या. डबा परातीत पाणी घालून ठेवला.